चाळीस जोर आणि अग्निशामकाचे हृदय

‘चाळीस जोर काढा, हृदयविकार टाळा’ अशा आशयाचा निष्कर्ष २०१९ पासून सर्वत्र सांगितला जातो. त्याचे मूळ अमेरिकेतील इंडियाना राज्यातील ११०४ अग्निशामकांच्या पाहणीत आहे. विषय गंभीर आहे. अमेरिकेत कामावर असताना मरण पावणाऱ्या अग्निशामकांपैकी सुमारे ४५ टक्के हृदयविकाराने दगावतात, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले होते. अंगावर वीस किलोंहून अधिक ओझे, भोवती धग आणि विश्रांतीतून एकदम धावपळ, हे सारे हृदयाला सोसावे लागते.

आता पाहणीतील आकडे वाचू. दहा वर्षांत ३७ जणांना हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार झाले. त्यांपैकी चाळीसहून अधिक जोर काढणारा एकच होता. दहापेक्षा कमी जोर काढणाऱ्यांच्या तुलनेत या गटाचा धोका ९६ टक्क्यांनी कमी निघाला. आकडा डोळे दिपवतो. पण त्या गटात आणखी एकच जण आजारी पडता, तर गटाचा धोका दुप्पट दिसला असता!

शिवाय अधिक जोर काढणारे बहुधा तरुण व सडपातळ होते. जोर हे उत्तम प्रकृतीचे लक्षण असेल. ते तिचे कारण आहे, हे यातून सिद्ध होत नाही. संशोधकांनीही धोका ओळखण्याची बिनखर्चाची चाचणी एवढेच म्हटले होते. ‘टाळा’ हा शब्द नंतरच्यांचा.

हा निष्कर्ष वाशी किंवा ऐरोलीच्या अग्निशमन केंद्राला जसाच्या तसा लागू पडेल काय? आम्हांस तसे वाटत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजन सांगणारा निर्देशांक दोघांचाही २२.३, चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणजे बारीक दिसणारा भारतीय जवानही मधुमेहाच्या वाटेवर असू शकतो.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रासायनिक कारखान्यांच्या आगीशी झुंजणाऱ्यांसाठी जोरांबरोबरच कमरेचा घेर, रक्तदाब व रक्तशर्करा यांची दरवर्षी तपासणी हवी. आणि दीर्घकालीन पाहणी हवी ती इथल्याच जवानांची. शिक्षकांनी वर्गात एवढे जरूर करावे: टक्केवारी दिसली की ‘कितींपैकी किती?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारायला लावावा.