गेटवर उभं राहून जंगल मोजता येतं का?

पेटचा निकाल लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर सिनॉप्सिस यायला लागतात. "दादा, एकदा नजर टाका, उद्या जमा करायचाय." यंदा त्यातले तीन सफारी पर्यटनावरचे निघाले. नावं थोडी वेगळी, पण गाभा एकच: 'ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातील सफारी पर्यटनाचा स्थानिक जनजीवनावरील परिणाम'. आणि पद्धतीत काय? मोहर्ली गेटवर दोनशे पर्यटक, पन्नास गाईड आणि जिप्सीचालक, यांच्याकडून प्रश्नावली भरून घेणे.

आता शीर्षक आणि सॅम्पल शेजारी शेजारी ठेवून बघा. शीर्षकात 'स्थानिक जनजीवन' आहे. सॅम्पलमध्ये मात्र बाहेरून आलेले लोक आहेत आणि ज्यांना सफारीतून पगारपाणी मिळतं ते लोक आहेत. त्यांना विचारलं, "पर्यटनाने फायदा झाला का?" तर ते 'हो' म्हणणारच. म्हणजे निष्कर्ष प्रश्नावली छापायच्या आधीच ठरलेला आहे. हसू नका, माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मीही हेच लिहिलं होतं. म्हणून आज या विषयावरचं प्रसिद्ध संशोधन कसं वाचायचं आणि त्यात नेमकं काय तपासायचं, यावर लिहितोय. तीन साधे प्रश्न आहेत: कुठं उभं राहून मोजलं? केव्हा मोजलं? आणि कितीने भागलं?

पहिलं 'कुठं'. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिना सफारीचा भर हंगाम असतो. पाणी आटतं, पानगळ झालेली असते, वाघ पाणवठ्यावर येतो आणि सायटिंग चांगलं होतं. पण हाच महिना तेंदूपत्त्याचाही. 10 मे 2025 ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मारल्या गेल्या. हे जंगल ब्रह्मपुरी वनविभागातलं. तिथं मोहर्लीसारखं गेट नाही. म्हणजे जिल्हा तोच, महिना तोच, प्राणीही तोच. एका ठिकाणी त्याला बघायला लोक पैसे भरून येतात, दुसऱ्या ठिकाणी पोटासाठी पहाटे जंगलात शिरलेल्या बायकांची त्याच्याशी गाठ पडते. गेटवरच्या अडीचशे प्रश्नावल्यांत या बायकांचं घर कुठंच येत नाही. सॅम्पलची चूक वाटते कागदावरची, पण त्या सॅम्पलवरून 'स्थानिक समाधानी आहेत' असं वाक्य निघतं, ते पुढं अहवालात जातं आणि अहवालावरून योजना ठरतात.

याउलट केनियाचं उदाहरण घ्या. आपल्याकडच्या टूर कंपन्या मसाई माराच्या सहली काढतात, तोच हा देश. तिथल्या पर्यटनाची गोष्ट पर्यटकांच्या आकड्यांतून सांगितली तर यशाचीच वाटते. पण जोसेफ ओगुटू आणि सहकाऱ्यांचा 2016 चा अभ्यास वेगळं काही सांगतो. त्यांनी आधार घेतला विमानातून केलेल्या प्राणिगणनेचा. तीही फक्त उद्यानांची नाही, देशभरच्या चराऊ पट्ट्याची, 1977 पासून 2016 पर्यंतची. निष्कर्ष असा की वन्यप्राणी सरासरी 68 टक्क्यांनी घटले आणि त्याच काळात शेळ्या-मेंढ्या सुमारे 76 टक्क्यांनी वाढल्या. केनियातले बरेचसे वन्यप्राणी उद्यानांच्या हद्दीबाहेर राहतात, त्यामुळे हद्दीच्या आत कितीही बारकाईने मोजलं तरी ही घट पुरती दिसली नसती. उभं राहायची जागा बदलली आणि उत्तरच बदललं. इथं एक सावधगिरी हवी. यावरून 'पर्यटनामुळे प्राणी घटले' असं म्हणता येत नाही. लोकसंख्या, चराई, कुंपणं, हवामान अशी कारणं एकात एक गुंतलेली आहेत. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नाही, हे आपण नेटसाठी पाठ करतो आणि प्रबंधात विसरतो.

आता 'केव्हा'. वाघांवर पर्यटनाचा ताण येतो का, यावर हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा 2019 चा अभ्यास आहे, कान्हा आणि बांधवगडमधला. वाघाची विष्ठा गोळा करायची आणि तिच्यात ताणाच्या संप्रेरकाचे अंश किती ते मोजायचं. वाघाला हात लावायची गरज नाही, पद्धत म्हणून फार सुंदर. पर्यटनाच्या काळात हे प्रमाण जास्त आढळलं. बरेच विद्यार्थी इथंच थांबतात आणि लिहितात, 'पर्यटनामुळे वाघ तणावात असतो हे सिद्ध झाले आहे'.

थांबा. कोअरमधलं पर्यटन बंद कधी असतं? पावसाळ्यात. मग 'पर्यटन चालू' आणि 'पर्यटन बंद' या तुलनेत 'कोरडे महिने' आणि 'ओले महिने' अशीही तुलना आपोआप शिरते. पावसात पाणी सगळीकडं मिळतं, सावजाच्या जागा बदलतात, जमिनीवर पडलेला नमुना भिजतो. त्यामुळे फक्त महिन्यांच्या तुलनेवर भिस्त ठेवता येत नाही. या अभ्यासाचं बळ माझ्या मते दुसऱ्या भागात आहे: वाहनांची आणि पर्यटकांची संख्या जास्त तिथं संप्रेरकही जास्त, असा संबंध त्यांनी दाखवला. उद्धृत करायचं तर तो भाग करा. आणि हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला तिच्या पाच बछड्यांसह जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवलं, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. असा वाद कोर्टात गेला की पुरावा लागतो, आणि तेव्हा कच्चा पुरावा वाघाच्या काही कामाचा नसतो.

तिसरा प्रश्न, 'कितीने भागलं?' कृती कारंथ आणि रूथ डिफ्रीज यांचा 2011 चा भारतातल्या दहा संरक्षित क्षेत्रांवरचा शोधनिबंध या विषयावर सगळेच उद्धृत करतात. पर्यटक दरवर्षी सरासरी 15 टक्क्यांनी वाढत होते, बहुतेक हॉटेलं-रिसॉर्ट 2000 नंतरची, आणि दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या लोकांपैकी 0.001 टक्क्याहूनही कमी लोकांना पर्यटनात थेट काम. हा शेवटचा आकडा वाचताना पेन खाली ठेवा आणि हिशोब करा. 0.001 टक्का म्हणजे लाखात एक! इतका लहान आकडा दिसला की तो तसाच उचलायचा नाही. 'थेट काम' कशाला म्हटलं, कोणाकोणाला धरलं, दहा किलोमीटरच्या वर्तुळात शहरं आली का, हे मूळ निबंधात शोधायचं. भाजक बदलला की गोष्ट बदलते. मोहर्ली गावातली घरं भाजक धरली तर पर्यटन म्हणजे वरदान दिसेल. अख्खा चंद्रपूर जिल्हा धरला तर काहीच दिसणार नाही. दोन्ही आकडे खरे असतील, पण दोन्ही अपुरे.

मग करायचं काय? माझं सुचवणं साधं आहे. गेट सोडू नका, पण ते अनेक ठिकाणांपैकी एक ठेवा. गेटचं गाव, मग बफरमधलं गेट नसलेलं गाव, मग प्रकल्पाबाहेरचं पण वाघ असलेलं गाव, अशा पायऱ्यांनी गावं निवडा. प्रत्येक गावात सफारीत काम करणारी घरं आणि न करणारी घरं दोन्ही घ्या. बायकांना वेगळं भेटा, कारण जिप्सी बहुतेक पुरुष चालवतात आणि तेंदूपत्त्याला, सरपणाला बायका जातात. एकदा मे महिन्यात जा, एकदा पावसाळ्यात. सॅम्पल दोनशेऐवजी नव्वदवर आलं तरी चालेल.

आणि निलंग्याकडच्या मुलांनो, ताडोबा लांब आहे, तिथं राहायचा खर्च झेपत नाही, हे मला माहीत आहे. पण डिसेंबर 2024 मध्ये टिपेश्वरकडून शेकडो किलोमीटर चालत एक वाघ धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात आला. आपल्या गावाहून दोन-अडीच तासांचा रस्ता. त्याने आसपासची जनावरं मारली, त्याला पकडायला पथकं आली. तिथं ना जिप्सी, ना सायटिंग, ना गेटचं उत्पन्न, फक्त वाघ आणि गोठा. सफारीचा एक रुपयाही न मिळता वाघाशेजारी राहणं म्हणजे काय, हे त्या शिवारातल्या शेतकऱ्याला विचारणारा प्रबंध ताडोबाच्या दोनशे पर्यटकांपेक्षा मला आधी वाचायला आवडेल. एसटीने जाऊन संध्याकाळी घरी परत येता येतं. सिनॉप्सिस केला तर पाठवा, या वेळी आदल्या रात्री नको.