जिफचे उत्तराधिकारी

संदेशांच्या उपयोजनांतून आपण ज्यास ‘जिफ’ म्हणतो, ते बहुधा जिफ नसतेच. टेलिग्राम व व्हॉट्सॲप त्याचे मूक व्हिडिओत रूपांतर करून ते पाठवितात. जुने उरते ते नाव. कॉम्प्युसर्व्हने १९८७ साली सिद्ध केलेल्या या प्रकारात एका चौकटीस २५६ रंगांची मर्यादा असते, आणि प्रत्येक बिंदू एकतर पूर्ण पारदर्शक, नाहीतर पूर्ण अपारदर्शक. त्यामुळे पांढऱ्या भूमीसाठी सिद्ध केलेली आकृती काळ्या पडद्यावर आली की तिच्या कडेस पांढुरकी किनार उमटते. वेबपी आणि एपीएनजी यांत अर्धपारदर्शकतेची सोय असल्याने ती उमटत नाही. हा गुण निर्विवाद होय.

तथापि तेवढ्यावरून उत्तराधिकारी ठरविणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. जो दर्शक नवा प्रकार जाणत नाही, त्याच्या हाती काय उरते, हेही पाहिले पाहिजे. टेलिग्रामची २०१९ मधील हलती स्टिकरे वस्तुतः चित्रे नव्हेतच. ती रेषा व आकार यांच्या हालचालींची टिपणे असून ६४ किलोबाइटांत मावतात. कौशल्य असामान्य खरे, पण सामान्य दर्शकास त्यातून एक रेषाही दिसत नाही. उलट एपीएनजी न जाणणारा दर्शक त्यातील एक स्थिर चित्र तरी दाखवितो. पूर्वसूरींचा असा मान राखणाऱ्या या प्रकारास पीएनजीच्या मंडळाने २००७ साली नाकारावे आणि प्रमाणग्रंथात स्थान मिळण्यास २०२५ साल उजाडावे, हा विलंब गुणांच्या परीक्षेतून झाला असे म्हणवत नाही. संवादांचा संग्रह करणाऱ्या अभ्यासकाने मात्र स्टिकराची एपीएनजी प्रत आजच करून ठेवावी.