मला ऑडिऑलॉजीत ओढणारा पेपर, पुन्हा एकदा वाचताना

पीएचडीच्या मुलाखतीत "हाच विषय का?" असं विचारल्यावर मी एका दमात एका पेपरचं नाव घेतलं होतं. शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांचा, २००९ साली 'जर्नल ऑफ न्यूरोसायन्स'मध्ये आलेला. समितीतल्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "उंदरांना गोंगाटात कमी समजत होतं, हे यात कुठे मोजलंय?" मी गप्प. श्रवणसंशोधनात येऊ पाहणारे बरेच जण एसओपीत हाच पेपर घालतात, म्हणून परवा तो पुन्हा वाचून काढला.

आधी पेपरमध्ये काय आहे ते बघू. उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. थ्रेशोल्ड, म्हणजे जेमतेम ऐकू येणारी आवाजाची पातळी, आधी बिघडली आणि साधारण दोन आठवड्यांत पूर्ववत झाली. कानातल्या केसपेशीही शाबूत होत्या. इथवर जुनी समजूत बरोबर ठरते: कान दुखावला, कान बरा झाला. पण लेखकांनी केसपेशी आणि श्रवणचेता यांच्यामधले सिनॅप्स मोजले. वरच्या फ्रिक्वेन्सीच्या भागात ते जवळपास निम्मे गेले होते. पुढच्या महिन्यांत चेतापेशीही हळूहळू मेल्या. म्हणजे 'तात्पुरतं' म्हटलेलं नुकसान कायमचं होतं आणि थ्रेशोल्डला त्याचा पत्ताच नव्हता.

मला हे का भिडलं, ते ओपीडीत बसलेल्यांना कळेल. "आवाज येतो हो, पण चार माणसं बोलायला लागली की शब्द लागत नाहीत," असं सांगणारे पेशंट येतात. ऑडिओग्राम नॉर्मल. आपण "काही नाही, ठीक आहे" म्हणून परत पाठवतो. मीही पाठवले आहेत. त्या माणसांचं उत्तर मला या पेपरमध्ये दिसलं.

पण ते उत्तर तिथे नाहीये. माझी तक्रार इथूनच सुरू होते. पेपरचा कणा म्हणजे सिनॅप्सची मोजणी, आणि ती चोख आहे. गोंगाटात ऐकण्याची अडचण, टिनिटस वगैरेंचा उल्लेख मात्र शक्यता म्हणून येतो. त्यासाठी प्रयोग केलेला नाही. लेखक जपून बोलतात, पण आपण वाचताना ती 'शक्यता' गिळून टाकतो. २०११ मध्ये शेट आणि मॅकअल्पाइन यांनी 'छुपा श्रवणदोष' हा शब्द आणला, आणि मग तर सगळ्यांचीच घाई झाली.

माणसांवरचं काम मात्र अडखळलं. प्रेंडरगास्ट आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये नॉर्मल ऑडिओग्राम असलेले १२६ तरुण तपासले. आयुष्यभर कानावर पडलेला गोंगाट आणि एबीआरची पहिली लाट यांचा संबंध काही सापडला नाही. का? एकाच वाणाच्या उंदरांनी नेमका किती आवाज ऐकला, हे आपल्याला माहीत असतं. माणसाला विचारावं लागतं. दहा वर्षांपूर्वीच्या गणपतीत तू ढोल-ताशाजवळ किती तास होतास, हे कोण सांगणार? शिवाय जिवंत माणसाच्या कानातले सिनॅप्स मोजता येत नाहीत. पहिल्या लाटेवरून अंदाज बांधायचा, आणि ती लाट माणसागणिक तशीही बदलते. त्यामुळे 'संबंध सापडला नाही' याचा अर्थ 'नुकसान नाही' असाही होत नाही.

मग पेपर फसवा आहे का? अजिबात नाही. नॉर्मल ऑडिओग्राम म्हणजे निरोगी कान, हे गृहीतक त्याने कायमचं हलवलं. चूक माझ्या वाचनात होती. मी त्यात पेशंटचं उत्तर शोधलं. तिथे होता तो फक्त एक नीट मांडलेला प्रश्न.

तुम्ही एसओपी लिहीत असाल तर "या पेपरने मला प्रेरणा दिली" यावर थांबू नका. त्याने काय मोजलं, काय मोजलं नाही, आणि त्या फटीत तुम्ही काय करणार, या तीन ओळी लिहा. मुलाखतीत माझ्याकडे तिसरी ओळ नव्हती. आता पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी कुठे ती लिहायला जमतेय.