‘काय वल्ली आहे!’ असं म्हणताना

आजचा विषय फलकावर जरा भारदस्त दिसतोय, ‘मराठी व्यक्तिचित्रांतील जवळची माणसं’. पण मला बोलायचंय ते एका साध्या उद्गाराबद्दल. आपण सगळे तो उद्गार काढतो. शेजारचे काका, कॉलेजातले एखादे सर, गावाकडचा चुलता, यांची गोष्ट सांगून झाली की शेवटी आपण म्हणतो, ‘काय वल्ली आहे!’ हे म्हणताना आपल्याला आनंद होतो. तो आनंद नेमका कशाचा, आणि त्याची किंमत कोण मोजतं, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आधी शब्दाकडे बघू. ‘वल्ली’चं नातं अरबी ‘वली’शी आहे. वली म्हणजे ईश्वराच्या जवळचा, संतपुरुष. त्याचं अनेकवचन औलिया, आणि त्यावरून आपला ‘अवलिया’. गंमत बघा, तऱ्हेवाईक माणसासाठी मराठीने जे दोन लाडके शब्द वापरले, ते दोन्ही मुळात संतांसाठीचे आहेत. बाकीचे शब्द म्हणजे नग, नमुना, अर्क, चक्रम. त्यांत एकतर थट्टा आहे नाहीतर तुच्छता. ‘वल्ली’मध्ये मात्र थट्टेबरोबर थोडा नमस्कारही आहे. माझं म्हणणं असं की या प्रकारचं चांगलं लेखन हे दोन्ही सांभाळतं. नमस्कार गळून पडला की मागे उरते ती नक्कल.

मी स्वतः नक्कल करणाऱ्यांतला, म्हणून एक गोष्ट सांगतो. आमचं बालपण वाईचं. आमच्या आळीत एक गृहस्थ रोज सकाळी ठीक साडेआठला अंगणात यायचे, डब्यात साठलेलं पावसाचं पाणी पट्टीने मोजायचे आणि वहीत लिहायचे. कडक उन्हाळ्यातसुद्धा यायचे, डबा उलटा करून बघायचे आणि ‘निरंक’ लिहायचे. अख्खी आळी हसायची. गणेशोत्सवात मी त्यांची नक्कल केली. चष्मा नाकावर, पट्टी डोळ्यांसमोर, आणि खणखणीत आवाजात, ‘काल बावीस मिलिमीटर!’ मांडव हसून लोळला. तेही समोरच बसले होते आणि हसत होते. दुसऱ्या दिवशी मला रस्त्यात थांबवून म्हणाले, ‘आवाज छान काढलास हो. पण परवाचा पाऊस चोवीस होता. बावीस नव्हे.’

तेव्हा मला हे आणखी एक विनोदी वाक्य वाटलं. पुढे बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं की मी त्यांच्याकडे बघत होतो तसे तेही माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या दृष्टीने मी म्हणजे नोंद नीट न ठेवणारा एक पोरगा होतो. ही एक कसोटी धरून आपण आपली पुस्तकं वाचून बघू. ज्याला आपण वल्ली म्हणतो, तो उलटून आपल्याकडे बघतो का?

सुरुवात अर्थातच पुलंपासून. ‘बटाट्याची चाळ’ १९५८ची, ‘व्यक्ती आणि वल्ली’ १९६२चं. या दुसऱ्या पुस्तकाला १९६५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विनोदी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुस्तकाला असा मान मिळावा, हीच मोठी गोष्ट. पण पुलंनी केलं काय? मोठ्या माणसांची चरित्रं लिहिण्याची परंपरा आपल्याकडे होतीच. त्यांनी लग्नघरात राबणारा नारायण, शिवकाळ जणू स्वतः पाहून आल्यासारखा सांगणारे हरितात्या, छापील मराठी बोलणारा सखाराम गटणे, अशी माणसं पुस्तकाच्या मध्यभागी आणून बसवली. ज्यांच्यावर कोणी चार ओळी लिहिल्या नसत्या, त्यांच्यावर पानंच्या पानं लिहिली. वाचकाला आपल्याच गल्लीकडे नव्याने बघायला शिकवलं. हे श्रेय फार मोठं आहे. ते निर्विवाद मान्य करून मग पुढे जाऊ.

आता आपली कसोटी लावू. अंतू बर्वा घ्या. आपल्यापैकी अनेकांनी तो कॅसेटवर इतक्यांदा ऐकलाय की पुढचं वाक्य आधीच ओठांवर येतं. त्यामुळे एक गोष्ट निसटते. या लेखात सगळ्यांत तिखट नजर अंतूशेठची आहे. रत्नागिरीत आलेला प्रत्येक पाहुणा, प्रत्येक पुढारी, खुद्द लेखक, सगळ्यांना ते एका वाक्यात मोजतात. आळीत वीज येते, पण ते घेत नाहीत, कारण त्या उजेडात आपलं दारिद्र्यच तेवढं स्वच्छ दिसणार, असा त्यांचा हिशेब. श्रोते इथे हसतात. पण हे वाक्य बोलणारा माणूस स्वतःच्या परिस्थितीबद्दल आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त जाणून आहे. त्याच्यावर दया करायला आपल्याला जागाच उरत नाही. म्हणून अंतू बर्वा टिकला. त्याच्या बोलीत गोडवा आहेच, पण ती ऐकवत नेणारी त्याची नजर आहे.

मग नामू परीट घ्या. गिऱ्हाइकांचे कपडे स्वतः घालून मिरवणारा नामू. लेख विलक्षण हसवतो. पण इथे आपण हसतो ते गिऱ्हाइकाच्या बाजूला उभे राहून. शर्ट आपला आणि अंगात त्याच्या, हा त्यातला विनोद. नामूला आपण गिऱ्हाइकं कशी दिसत असू? आपले कपडे धुणाऱ्याला आपल्याबद्दल किती माहीत असतं! त्या बाजूने लेख फारसा जात नाही. मी हा दोष म्हणून मोठा करत नाही. पण एकाच पुस्तकात दोन प्रकारची नजर आहे, आणि दोन्हींना ‘निखळ विनोद’ असं एकच लेबल लावून आपण मोकळे होतो, ही समीक्षेची चूक आहे.

आता थोडं मागे, १९४९ला जाऊ. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’. लेखकाचं वय बावीसच्या आसपास. माणदेश म्हणजे पाऊस कमी, जमीन हलकी, माणसं पोटासाठी बाहेर पडणारी. तिथे तऱ्हेवाईकपणाला सवडच कमी. यातला ‘धर्मा रामोशी’ आठवा. म्हातारा धर्मा अंगावर नीट वस्त्र नसलेला. त्याला घरातून धोतर दिलं जातं. पण नंतरही तो तसाच उघडा दिसतो. वाचकाच्या मनात येतं, आहे झालं, विचित्रच म्हातारा, दिलेलं वापरत नाही. आणि मग कळतं की ते धोतर त्याच्या वयात आलेल्या मुलीने नेसलंय. तिला नेसायला दुसरं काही नव्हतं.

इथे माडगूळकर काय करतात बघा. आपण ज्याला स्वभावाचा विक्षिप्तपणा म्हणणार होतो, त्याच्या जागी ते कारण ठेवतात. एका शब्दाचाही उपदेश न करता. गेली अनेक वर्षं मी विद्यार्थ्यांना सांगतो, एखादा माणूस विचित्र वाटला की आधी विचारा, त्याच्या वागण्याला काही कारण आहे का, जे मला माझ्या जागेवरून दिसत नाही? कारण सापडूनही माणूस गमतीदार राहिला, तर तो खरा वल्ली. कारण सापडल्यावर हसू मावळलं, तर ते हसू आपल्या अज्ञानाचं होतं.

तिसरी गोष्ट. ‘व्यक्ती आणि वल्ली’ची अनुक्रमणिका काढून बघा. सगळे पुरुष. मराठीत बाई वल्ली का होत नाही? आमच्या आळीत तऱ्हेवाईक बायका नव्हत्या थोड्याच! पण पाऊस मोजायला रोज अंगणात येणाऱ्या पुरुषाला छंद असतो. बाईने तेच केलं असतं तर तिच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणाले असते. वल्ली व्हायला मोकळा वेळ लागतो, बसायला कट्टा लागतो आणि घरात कोणीतरी भाकरी थापत असावं लागतं.

त्या भाकरी थापणाऱ्या बाजूने लिहिलेलं एक थोर पुस्तक आपल्याकडे आहे, लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. त्याचा पहिला भाग १९३४चा. त्यात वडिलांचं पराकोटीचं सोवळं आहे, बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात न घेणारं. आणि नवरा कोण, तर रेव्हरंड टिळक, कवी, मनस्वी, हातातलं देऊन टाकणारे, न सांगता घर सोडून निघणारे. बाहेरच्या माणसाने लिहिलं असतं तर दोन झकास वल्ली झाले असते. लक्ष्मीबाईही हसवतात, अगदी पोट धरून. पण त्या विनोदाबरोबर हिशेबही येतो. धुण्याचे कष्ट कोणाला पडले, पैसे देऊन टाकल्यावर घरात काय उरलं, माणूस निघून गेल्यावर मागे वाट बघत कोण बसलं. तरी टिळकांवरचं प्रेम तसूभर कमी होत नाही. वल्लीबरोबर एका घरात संसार करून त्याच्यावर असं लिहिणं, याला मी व्यक्तिचित्राची सर्वांत अवघड इयत्ता मानतो.

चौथा मुद्दा थोडक्यात, पण तो टाळून चालणार नाही. ‘आपल्या जवळचं, आपल्या गावचं’ हे सगळ्यांनाच सुखाचं असतं असं नाही. १९७८ला दया पवारांचं ‘बलुतं’ आलं आणि मराठी वाचकाला तेच गाव दुसऱ्या टोकाकडून दिसलं. मुंबईचा कावाखानाही दिसला. तिथे गमतीदार माणसं नाहीत का? आहेत, भरपूर आहेत. पण तिथला माणूस गमतीदार असला तरी त्याचं गमतीदार असणं त्याला वाचवत नाही. गावच्या आठवणीत आपण रमतो तेव्हा गावाने कोणाला कुठे उभं केलं होतं, हे विसरण्याची सोयही त्या रमण्यात असते. ‘बलुतं’ ती सोय काढून घेतं. म्हणून मला वाटतं ‘व्यक्ती आणि वल्ली’ आणि ‘बलुतं’ शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. एकाने दुसरं खोडलं जात नाही. दोन्ही वाचून झाल्यावर आपण आपल्या गल्लीत जरा जास्त सावधपणे चालू लागतो.

आता आजचं. दिवाळी अंकांत दरवर्षी ‘आमचे अमुकराव’ छापाची व्यक्तिचित्रं येतात. मोबाईलवर तर रोजच. साचा ठरलेला. सुरुवातीला एक लकब, मध्ये तीन किस्से, शेवटी मृत्यू आणि डोळ्यांत पाणी. हा साचा पुलंकडून घेतला म्हणतात, पण घेतलं ते फक्त वरचं. नजर घ्यायची राहून गेली. या लेखांतले अमुकराव लेखकाला कधीही पेचात पकडत नाहीत, त्याचं काही चुकलं असं सांगत नाहीत. ते मरतात तेही लेखाच्या सोयीने. अशा लेखनात आनंद माणसाचा नसतो, आपण किती दिलदार आहोत याचा असतो.

मग करायचं काय? हसणं सोडायचं? मुळीच नाही. जवळच्या माणसांत रमण्यासारखं सुख नाही, आणि त्याला तिकीटही लागत नाही. फक्त हसून झाल्यावर थोडं थांबावं. त्या माणसाला दोन प्रश्न विचारावेत आणि त्याने आपल्याबद्दल काही म्हटलं तर तेही लिहून ठेवावं.

मी ते केलं नाही. पाऊस मोजणारे ते गृहस्थ गेले. त्या वह्यांचं पुढे काय झालं, मी कधी विचारलं नाही. तीन दशकांचा एका आळीचा पाऊस होता त्यांत. आवाज मात्र मला अजून तंतोतंत काढता येतो. माझ्याकडे त्यांचं तेवढंच उरलंय, आणि तेही दोन मिलिमीटरने चुकलेलं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. तुमच्या आळीतली माणसं ऐकायला मला जास्त आवडेल.