'वैश्विक किरण' या संज्ञेची चिकित्सा : मराठी विज्ञानलेखनाच्या संदर्भात

प्रस्तावना :

परिभाषा ही केवळ नावांची यादी नसते. ती वाचकाच्या मनात संकल्पनेचे चित्र उभे करते. गोंडवाना विद्यापीठाच्या (स्थापना २०११) कार्यक्षेत्रातील गडचिरोली व चंद्रपूर या वनव्याप्त जिल्ह्यांत मराठी माध्यमातून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला विज्ञानाची पहिली ओळख मराठी संज्ञेतूनच होते. संज्ञेने चुकीचे चित्र दिले, तर ते दुरुस्त करणारे दुसरे साधन त्याच्या हाताशी असेलच असे नाही. या दृष्टीने 'वैश्विक किरण' ही संज्ञा तपासणे अगत्याचे ठरते.

विवेचन :

१९१२ मध्ये व्हिक्टर हेस यांनी बलूनमधून केलेल्या मोजमापांतून अवकाशातून येणाऱ्या भेदक प्रारणाचा शोध लागला. १९२५ मध्ये रॉबर्ट मिलिकन यांनी त्यास 'कॉस्मिक रेज' हे नाव दिले. हे प्रारण म्हणजे गॅमा किरणच होत, अशी त्यांची धारणा होती. परंतु आर्थर कॉम्प्टन यांनी १९३२ च्या सुमारास जगभर घडवून आणलेल्या मोजमापांत अक्षांशानुसार फरक आढळला आणि हे विद्युतभारित कण असल्याचे स्पष्ट झाले. धारणा गेली, नाव मात्र राहिले. मराठीने ते नाव जसेच्या तसे उचलले.

मराठीत 'किरण' म्हणजे सरळ रेषेत येणारा प्रकाश. हे कण, ज्यांत सुमारे ९० टक्के प्रोटॉन असतात, आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रात वळत-भरकटत येतात. त्यामुळे त्यांच्या दिशेवरून उगम कळत नाही. मात्र ते आंतरतारकीय वायूवर आदळले की उदासीन पायॉन निर्माण होतात व त्यांच्या क्षयातून गॅमा किरण बाहेर पडतात. हे खरोखरीच किरण असून ते सरळ येतात. वणव्याची राख वाऱ्याने कोठूनही येते. आग कोणत्या डोंगरावर आहे हे रात्री तिचा उजेडच सांगतो. तसाच हा प्रकार आहे. २०१३ मध्ये फर्मी दुर्बिणीच्या निरीक्षणांतून 'आयसी ४४३' व 'डब्ल्यू ४४' या सुपरनोव्हा-अवशेषांत पायॉन-क्षयाची खूण सापडली. लडाखमधील हानले येथे ४ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेली २१ मीटर व्यासाची 'मेस' दुर्बीण गॅमा किरणांमुळे वातावरणात उमटणारी चेरेन्कोव्ह प्रकाशाची क्षणिक चमक टिपते.

आता 'वैश्विक किरणांपासून गॅमा किरण निर्माण होतात' हे वाक्य पाहावे. ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु कण आणि प्रकाश यांतील ज्या भेदावर ही अभ्यासपद्धती उभी आहे, तोच भेद त्यात पुसला जातो. शिवाय 'वैश्विक' हा शब्द आता 'जागतिक' या अर्थानेही वापरला जात असल्याने संदिग्धता वाढते.

निष्कर्ष :

रूढ संज्ञा मोडीत काढणे व्यवहार्य नाही. पाठ्यपुस्तके व प्रश्नपत्रिका तिच्याशी बांधलेल्या आहेत. तथापि 'वैश्विक किरण, म्हणजे वस्तुतः विद्युतभारित कण' एवढा खुलासा पहिल्याच उल्लेखात करणे लेखकाला अशक्य नाही. संज्ञा बदलता येत नसेल, तर तिची उणीव वाक्याने भरून काढणे ही मराठी विज्ञानलेखकाची जबाबदारी ठरते.