२५६ बाइटांचा पडदा

जुन्या व्हिडिओ गेमच्या शौकिनांमध्ये आरसीए स्टुडिओ टूचं नाव काढलं की लोक एकमेकांकडे बघून हसतात. सर्वांत वाईट यंत्रांच्या याद्या निघतात, त्यात हे नाव हटकून असतं. जानेवारी १९७७मध्ये ते अमेरिकेच्या बाजारात आलं, किंमत १४९.९५ डॉलर. फेब्रुवारी १९७८मध्ये कंपनीने त्याचा गाशा गुंडाळला. वर्षभराचं आयुष्य, डझनभरही न भरणाऱ्या कार्ट्रिज आणि माथी कायमची नामुष्की. माझ्या संग्रहात याहून देखणी, याहून सरस यंत्रं आहेत, पण पाहुणा आला की मी आधी हेच जोडतो.

नामुष्की का, हे आधी सांगून टाकतो, कारण ती पुष्कळशी रास्त आहे. पडदा काळापांढरा. आवाज म्हणजे यंत्राच्या पोटातल्या स्पीकरमधून येणारी ‘टीं’. टीव्हीच्या स्पीकरचा या कारभाराशी संबंध नाही. हातात धरायला काही नाही. रुंद, बसक्या डब्याच्या दोन टोकांना दहा-दहा आकडी बटणांचे दोन पॅड कायमचे ठोकलेले, डावीकडचा ‘ए’ आणि उजवीकडचा ‘बी’. त्यांच्यामधल्या ‘क्लिअर’ या बटणाने खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. दोघांना खेळायचं तर खांद्याला खांदा लावून एकाच डब्यावर ओणवं व्हायचं. दोनच महिने आधी, नोव्हेंबर १९७६मध्ये, फेअरचाइल्डचं चॅनल एफ रंगीत चित्र आणि हातात धरायच्या दांड्या घेऊन आलं होतं. सप्टेंबर १९७७मध्ये अटारी व्हीसीएस आलं आणि उरलासुरला प्रश्न मिटला.

यातली खरी बोच निराळी आहे. आपल्याकडच्या एचएमव्हीच्या तबकड्यांवर भोंग्यात डोकावणारा जो कुत्रा दिसायचा, तोच अमेरिकेत आरसीएचा. १९५३ साली अमेरिकेने रंगीत प्रक्षेपणाची जी पद्धत स्वीकारली, तिच्यात सिंहाचा वाटा याच कंपनीचा. ज्यांनी घराघरांत रंग आणला, त्यांनी खेळायचं यंत्र मात्र बिनरंगी विकायला काढलं. दुकानदाराने गिऱ्हाइकाला काय समजावलं असेल, देव जाणे.

आता पडदा बघू, कारण रस तिथे आहे. आडवे ६४ ठिपके, उभे ३२, एकूण २०४८. प्रत्येक ठिपका एक तर पेटलेला, नाही तर विझलेला, म्हणजे एका ठिपक्याला एक बिट. हिशेब केला तर अख्खं चित्र २५६ बाइटांत बसतं. यंत्राची एकूण रॅम ५१२ बाइट. निम्मी स्मृती निव्वळ पडद्याने खाल्ली. खेळाडूंचे गुण, चेंडूची जागा, कुठलं बटण दाबलं याची नोंद, सगळं उरलेल्या निम्म्यात. रॉम दोन किलोबाइट, आणि तेवढ्यात खेळांची छोटी भाषा वाचून चालवणारा दुभाषी प्रोग्राम, वर पाच खेळही. हा लेख संगणकात साठवायला याच्या कितीतरी पट जागा लागेल.

ठिपके मोठे आहेत, चांगले ठळक चौकोन. आजच्या टीव्हीला जोडून पाहिलं तर ते ओबडधोबड वाटतात. जुन्या पिक्चर ट्यूबवर त्यांच्या कडा थोड्या विरघळतात आणि पांढऱ्याला निळसर झाक येते. हे यंत्र बघायचं तर त्यावरच बघावं, नाही तर बघू नये. एवढ्या थोड्या ठिपक्यांत गाडी काढायची झाली तर ती ‘गाडीसारखी’ निघू शकत नाही. ती गाडी आहे असं खेळणाऱ्याला मानून घ्यावं लागतं. नाटकात दोन खुर्च्या मांडून टांगा होतो तेव्हा प्रेक्षक कुरकुरत नाही; इथेही कुरकुरू नये.

यंत्रातच भरलेले पाच खेळ असे: डूडल, पॅटर्न्स, बोलिंग, फ्रीवे आणि ॲडिशन.

डूडलमध्ये एक ठिपका आणि आपण. पॅडवरची पाच हे केंद्र धरा. दोन म्हणजे वर, आठ खाली, चार आणि सहा आडवे, कोपऱ्यातले आकडे तिरपे. ठिपका जाईल तिथे रेघ उमटत जाते. यात ना जिंकणं ना हरणं. याच्याच पोटचा पॅटर्न्स जास्त गमतीचा. आपण थोडीशी चाल शिकवायची आणि यंत्र ती पुन्हापुन्हा चालत सुटतं. सरळ चाल दिली की कंटाळवाणा जिना निघतो. चालीत एखादं वाकडं पाऊल घातलं की पडदाभर जाळी विणली जाते, आणि ती नेमकी कशी निघेल हे आधी सांगता येत नाही. दिलेल्या हुकमाची पुनरावृत्ती म्हणजे काय, हे त्या काळी दिवाणखान्यात बसून डोळ्यांनी बघायला मिळणं ही मोठीच गोष्ट होती. प्रोग्रामिंगचा पहिला धडा, आणि तो शिकवणारा आपण धडा शिकवतोय असं कुठे म्हणत नाही.

बोलिंगला मी काठावर पास करतो. फ्रीवे सपशेल नापास. समोरून येणारी गाडी चुकवायला हाताला दांडी हवी, निदान चक्र हवं. चार आणि सहा हे आकडे दाबून वळणारी गाडी कधी आपली वाटत नाही. बोट वळतं, मन वळत नाही. स्टुडिओ टूवरचे बहुतेक धावाधावीचे खेळ इथेच मार खातात, आणि कंपनीने कार्ट्रिजच्या एका मालिकेला नाव दिलं ‘टीव्ही आर्केड’!

ॲडिशन ही मात्र या यंत्रावरची उत्तम चीज. पडद्यावर तीन आकडे येतात. दोघांनी मनात बेरीज करायची, आणि आधी बरोबर उत्तर दाबेल त्याला गुण. संपला खेळ. वाचायला हे शिक्षेसारखं वाटेल. पण ज्यांच्यावर लहानपणी पाढ्यांचा संस्कार झालाय, त्यांना शेजारी बसवून बघा. फ्रीवेवर नकोसा झालेला तोच पॅड इथे बोटांखाली लखलखतो, कारण आकड्याचं उत्तर आकड्यानेच द्यायचंय. कोपरं एकमेकांना लागतात, बाजूच्याचं बोट कुठल्या बटणाकडे निघालं ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतं, तेवढ्यात ‘टीं’ होतं आणि आपण हात चोळत बसतो. दोन पॅड एकाच डब्यावर ठोकणं ही एरवी उघड चूक. ॲडिशन खेळताना हा खेळ दुसऱ्या कुठल्या बैठकीत रंगला नसता असं वाटतं.

हे असं का झालं असावं, याचं उत्तर यंत्राच्या कर्त्यात आहे. जोसेफ वाइसबेकर हे आरसीएचे इंजिनिअर. १९६५मध्ये बाजारात आलेलं थिंक-अ-डॉट हे खेळणं त्यांचं. वरच्या भोकांतून गोटी टाकायची, आतल्या झडपा उलटतात आणि समोरच्या ठिपक्यांचे रंग बदलतात. वीज नाही, काही नाही, तरी आत चाललंय ते शुद्ध द्विमान तर्कशास्त्र. सत्तरीच्या सुरुवातीला या गृहस्थाने घरी वापरता येईल असा छोटा संगणक उभा केला, त्याचं नाव ‘फ्रेड’. त्याच विचारातून पुढे १८०२ हा प्रोसेसर आला. स्टुडिओ टूचा मेंदू तोच. म्हणजे मुळात हा स्वस्तात घरी आणायचा संगणक होता, आणि आरसीएने त्याला टीव्हीवरच्या टेनिससारख्या खेळांच्या रांगेत उभं केलं. आकडी पॅड तिथून आला. हे ध्यानात ठेवून खेळलं तर फ्रीवेचा राग येत नाही.

वाइसबेकरांची मुलगी जॉइस. कंपनीची नोकर नव्हती. १९७६मध्ये, शाळेचा उंबरठा नुकता ओलांडताना, तिने कंत्राटावर या यंत्रासाठी ‘टीव्ही स्कूलहाउस वन’ आणि ‘स्पीडवे/टॅग’ लिहिले. व्यावसायिक व्हिडिओ गेम लिहिणारी पहिली ज्ञात स्त्री म्हणून आज तिचं नाव घेतलं जातं. स्कूलहाउस वन मला कल्पनेसाठी आवडतो. ६४ बाय ३२ ठिपक्यांत इतिहास-भूगोलाचा प्रश्न लिहायचा कसा? तिने तो लिहिलाच नाही. प्रश्न कागदी पुस्तिकेत छापलेले. पडद्याने क्रमांक दाखवायचा, वेळ मोजायची, गुण द्यायचे. यंत्राला जे जमत नाही ते बिनबोभाट कागदावर सोपवायचं, हा समजूतदारपणा त्या वयाला मोठाच म्हणायचा.

१८०२चं पुढे भलं झालं. १९८९मध्ये गुरूकडे निघालेल्या गॅलिलिओ यानात त्याच जातीचे प्रोसेसर होते. वाइसबेकरांनी कॉस्मॅक व्हीआयपी या घरगुती संगणकासाठी चिप-८ ही चिमुकली भाषा केली. तिचाही पडदा ६४ बाय ३२. आज एम्युलेटर लिहायला शिकणारी पोरं, मग ती पुण्यातली असोत की अमेरिकेतली, पहिला हात बहुधा चिप-८वरच बसवतात.

संग्रह करू पाहणाऱ्यांसाठी एक इशारा. मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. वाइसबेकर आरसीएच्या ज्या सार्नॉफ संशोधन केंद्राशी जोडलेले होते ते प्रिन्स्टनला, रूट वनवरून सरळ खाली. तरीही हे यंत्र इथे सहज सापडत नाही, आणि सापडलं तर बहुतेकदा अर्धवट. यंत्राला वीज मिळते ती टीव्हीच्या अँटेनाला लावायच्या एका खास स्विचबॉक्समधून, चित्र जातं त्याच वायरीने. हा बॉक्स टीव्हीच्या मागे अडकलेला असायचा. टीव्ही भंगारात गेला की बॉक्सही जायचा आणि माळ्यावरचा डबा मुका व्हायचा. तेव्हा घासाघीस करण्याआधी स्विचबॉक्स मागा. ‘चालतं का ते माहीत नाही, तपासलं नाही’ असं विकणारा म्हणाला, तर तो बहुधा खरंच बोलतोय. तपासायला त्याच्याकडे काही नसतंच.

जपानमध्ये तोशिबाने याच रचनेवर व्हिझिकॉम नावाचं यंत्र काढलं, तेही रंगीत. इतर देशांत हॅनिमेक्ससारख्या नावांनीही याचे रंगीत भाऊबंद विकले गेले. त्यांच्यावरचं चित्र मी पाहिलंय. रंग आहेत, पण तेही चौकोनांना फासल्यासारखे. निळ्या पार्श्वभूमीवर तोच ठिपका तेवढ्याच सावकाश सरकतो, आणि मानून घ्यायची जी मोकळीक काळ्यापांढऱ्यात होती ती रंगाने काढून घेतलेली असते. संग्राहक त्यासाठी घसघशीत पैसे मोजतात. मी मोजणार नाही. तेवढ्या पैशांत एखादा जादा स्विचबॉक्स आणि जुन्या ट्यूबचा चालता टीव्ही मिळत असेल, तर मला कळवा.