पाचांचा पेला

‘पंच’ हे पेयाचं नाव म्हणजे एक आकडा. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर 1670च्या दशकात आपल्या मुलखात हिंडला, पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरलाही येऊन गेला. 1698 साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात या नावाची फोड आहे: पाच जिन्नस, म्हणून पंच. गोव्यातल्या नेरूळचा अरक, म्हणजे गाळलेली दारू, तो वाखाणतो. किनाऱ्यावरचे इंग्रज त्याचंच पंच करत. उरलेले चार जिन्नस परंपरेने साखर, लिंबू, पाणी आणि मसाला.

या नावाची गोडी ते काय गाळतं यात आहे. पेल्यात सर्वांत जोरकस दारू, पण नावात तिचा उल्लेखच नाही. साखर नसेल तर लिंबू बोचेल, पाणी नसेल तर अरक घसा जाळील. म्हणून नाव पाचही जणांना एका पंगतीत बसवतं. पंचामृताला सरावलेल्या जिभेला हा न्याय ओळखीचा आहे. ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणणाऱ्या भाषेत पाच म्हणजे एकत्र दिलेला कौल.

या व्युत्पत्तीवर आक्षेप आहेत. कुणी नाव ‘पंचन’ या पिंपाशी जोडतात. 1638 साली सुरतेत आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाच्या नोंदीत तर चारच जिन्नस भरतात: मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. तरी मला पाचाचीच बाजू पटते. या नावाची 1632 सालची जुनी नोंद कंपनीच्याच एका नोकराच्या पत्रात आहे, आणि ही माणसं हिंदुस्थानच्या बाजारात रोज पाच मोजत होती.

बारामती-इंदापुरात हे नाव वाचताना आणखी एक पदर उलगडतो. नीरेच्या डाव्या कालव्यावर इथला ऊस वाढला. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर इथे कारखाने उभे राहिले, वालचंदनगरची सुरुवातही साखरेनेच झाली. रसाची साखर होते, आणि उरलेली मळी आंबवून मद्यार्क, रमही बहुतेक मळीचीच. अरकाऐवजी रम घातली की पंचातले दोन जिन्नस एकाच उसातून येतात. तरी आकडा त्यांना एक धरत नाही, दोघांची जागा वेगळी मोजतो.

आज लग्नसमारंभात ‘फ्रूट पंच’ फिरतं. त्यात दारूचा थेंब नसतो. दारू गेली, नाव टिकलं. नावावर मद्याची मालकी असती तर हे घडलं नसतं. पेल्याची किंमत मिलाफात आहे, हे नाव ठेवणाऱ्यांना पक्कं कळलं होतं.